हौसेचा तंबू, पोटाचं पाल

परसदारी किंवा मळ्यात तंबू ठोकून पाहुण्याला मुक्कामी ठेवायची नवी चाल आता शहरातून खेड्याकडे निघाली आहे. मावळात पवना धरणाच्या काठी, तिकडे भंडारदऱ्याला सुट्टीच्या दिवशी तंबूंच्या रांगा लागतात. आपल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत, घोडेबाजाराला जोडून चेतक महोत्सव भरला तेव्हा तापीकाठी तंबूंचं एक गावच उभं राहिलं होतं. आत गाद्या, दिवे, न्हाणीघर, सगळं काही. २०२० साली राज्य शासनाने कृषी पर्यटनाचं धोरण आणलं आणि शेतकऱ्याला आपल्या शेतात पाहुणा ठेवून चार पैसे मिळवायची अधिकृत वाट मोकळी झाली. त्यामुळे शिकलीसवरली पोरं आता घरात विचारू लागली आहेत, "आबा, मळ्यात तो मंगोलियातला गोल तंबू, युर्ट म्हणतात तो, उभा केला तर?"

करावा की. पडलेल्या भावात कपाशी विकून आणि वाऱ्यात केळी आडवी होऊन हाती काय राहतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात जोडधंदा मिळत असेल तर कोण नको म्हणेल? पण परसदारी परदेशी तंबू ठोकण्याआधी एक गोष्ट आपण शेतकऱ्यांनी आणि गावकारभाऱ्यांनी नीट पाहायला हवी. तंबूतलं घर आपल्या वावराला नवं नाही. दरसाल दिवाळी झाली की ते आपल्या बांधावर येऊन उभं राहतं. त्याला आपण पाल म्हणतो, आणि त्यात राहणाऱ्याला 'कोण रे तू? कुठला?' असं दरडावून विचारतो. हौसेच्या तंबूला नोंदणीचं प्रमाणपत्र आणि पोटासाठी ठोकलेल्या पालाला हुसकावणी, असा हा न्याय आहे. तो बदलावा, एवढंच या लेखात मांडायचं आहे.

युर्ट हे मेंढपाळाचंच घर

ज्या युर्टचं आज कौतुक चाललं आहे तो कोणा इंजिनिअरने काढलेला नाही. मंगोलिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान या देशांतल्या मेंढपाळांचं ते पिढीजात घर आहे. मंगोलियात त्याला 'गेर' म्हणतात. रचना अगदी साधी. लाकडी पट्ट्यांची घडी होणारी जाळी गोल उभी करायची, ती झाली भिंत. वर मधोमध लाकडाचं एक कडं, आणि त्या कड्यापासून भिंतीपर्यंत छत्रीच्या काड्यांसारख्या काठ्या. त्यावर मेंढीच्या लोकरीचा जाड नमदा पांघरायचा आणि दोरखंडाने आवळायचं. घरची माणसं हाताशी असली की दोन-तीन तासांत घर उभं राहतं, आणि उतरवायला त्याहून कमी वेळ लागतो.

नमदा म्हणजे न विणलेलं लोकरीचं कापड. लोकर पिंजायची, थर द्यायचे, पाणी मारून लाटायची, तुडवायची, की ती आपोआप एकमेकीत गुंतते. हे ऐकून आपल्या म्हाताऱ्या माणसांना बुरणूस आठवेल. पिंजारी लोक असंच तुडवून बुरणूस करीत. म्हणजे विद्या आपल्याकडेही होती. आज आपल्या दख्खनी मेंढीच्या जाडसर लोकरीला भाव नाही आणि कातरणीची मजुरीही तीतून सुटत नाही, ही गोष्ट निराळी.

गोल आकाराचाही हिशोब आहे. माळावरचा वारा कोपऱ्यात अडकत नाही, बाजूने निघून जातो. थंडीत नमद्याचे दोन-तीन थर घालतात, उन्हाळ्यात खालची कड गुंडाळून वर घेतात. खालून गार हवा शिरते आणि वरच्या कड्यातून गरम हवा बाहेर पडते. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत दुपारी बसून पाहावं, म्हणजे या साध्या युक्तीची किंमत कळेल.

त्या देशांनी आपल्या या घराची लाज बाळगली नाही. मंगोलियाच्या गेर बांधण्याच्या कलेला २०१३ साली आणि कझाक-किर्गिझ युर्टच्या कलेला २०१४ साली युनेस्कोने मानवी वारशाच्या यादीत घेतलं. किर्गिझस्तानने तर तंबूच्या माथ्यावरचं ते लाकडी कडं आपल्या राष्ट्रध्वजावरच काढलं आहे. मेंढपाळाच्या छपराला झेंड्यावर जागा! आपल्याकडे त्याला गायरानातही जागा मिळत नाही.

तिकडेही सगळं गोडगोड नाही, हेही सांगितलं पाहिजे. कडक हिवाळ्यात लाखो जनावरं दगावली तेव्हा मेंढपाळ कुटुंबं उलानबातर या राजधानीकडे निघाली. शहराच्या कडेला कुंपण घालून, त्या अंगणात गेर ठोकून राहिली. आज त्या शहराची निम्म्याच्या आसपास वस्ती अशी आहे. नळ नाही, गटार नाही, कोळशाच्या चुलींचा धूर. पण तिथल्या कायद्याने राजधानीतल्या नागरिकाला घरासाठी ०.०७ हेक्टर, म्हणजे आपल्या भाषेत सुमारे सात गुंठे जागा मिळण्याचा हक्क दिला. तंबूत राहतो म्हणून तो माणूस बिनपत्त्याचा ठरला नाही. आपल्याला घेण्यासारखं आहे ते हे.

आपल्या वावरातली तीन छपरं

आता आपल्या खान्देशात या. आपल्या जमिनीवर हलक्या छपराखाली राहणारी माणसं मुख्यतः तीन प्रकारची.

पहिला सालदार. यावल, रावेर, चोपडा, शिरपूर पट्ट्यात केळीच्या बागेत, विहिरीजवळ त्याचं खोपटं असतं. बहुतेक पावरा, बारेला, भिल्ल कुटुंबं. आखाजीला साल ठरतं आणि बायकापोरांसह माणूस वर्षभर मळ्यात राहतो. घरात नवरा-बायको दोघंही राबतात, पोरं लहान भावंडं सांभाळतात. मोटारीला वीज असते, खोपट्यात दिवा असेलच असं नाही.

दुसरा ऊसतोड मजूर. चाळीसगाव-पारोळ्याकडची माणसं पश्चिम महाराष्ट्रात, तर साक्री-नंदुरबारकडची आदिवासी कुटुंबं बारडोली-सुरतेच्या कारखान्यांवर जातात. तिथे उघड्या रानात बांबूच्या तट्ट्यांची नाहीतर प्लास्टिकच्या कागदाची कोपी उभी करतात. पाच-सहा महिने तोच संसार. म्हणजे खान्देशातला माणूस दुसऱ्याच्या रानात पाल ठोकून राहतोच आहे. दुसऱ्याच्या गावात आपल्या माणसाला कशी वागणूक मिळावी, हे आपण जाणतो. तीच वागणूक आपल्या गावात आलेल्याला द्यायला काय हरकत?

आणि तिसरा ठेलारी. साक्री, शिंदखेडा भागातला हा मेंढपाळ. पावसाळ्यात कमी पावसाच्या माळावर राहतो. दिवाळीनंतर पिकं निघू लागली की वाडा हलतो. पांझरा, गिरणा, तापीच्या खोऱ्यात उतरतो, कोणी गुजरातेत जातो. घोड्यावर संसार, आता कुठे कुठे टेम्पोत. गड्यांनी मेंढरं पुढे काढली की मागून बाई सामान घेऊन येते, आणि पाल ठोकायचं काम तिचंच. दोन उभ्या मेढी, वर एक आडवी काठी, त्यावर जुनं लुगडं, घोंगडी नाहीतर ताडपत्री, बाजूला खुंट्या. समोर तीन दगडांची चूल. शेजारी जाळी लावून कोकरांचा कळप. जाळीपासून पाल दूर नसतं, कारण रात्री लांडगा येतो आणि सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याही येतो.

या पालात माणूस आठ-आठ महिने काढतो. म्हातारी त्यातच दुखणं काढते आणि बाळंतीण त्यातच बाळंत होते. अवकाळी आला की सगळं भिजतं. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे आणि त्या वेळच्या नगर जिल्ह्यात अवकाळी पाऊस व थंडीच्या एका झटक्यात मेंढपाळांच्या मेंढ्या मोठ्या संख्येने गारठून मेल्या. मेंढी मेली म्हणजे मेंढपाळाची ठेवपावतीच बुडाली. आसऱ्याची किंमत ही अशी असते.

पाल आपल्याला काय देतं

काही शेतकरी म्हणतील, आपल्याला काय त्याचं? तर हिशोबच मांडू.

पहिलं खत. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, स्फुरद ०.२ टक्के आणि पालाश अर्धा टक्का असतं. मेंढीच्या लेंडीखतात नत्र ३ टक्के, स्फुरद १ टक्का आणि पालाश २ टक्के धरतात. शिवाय मेंढरं वावरातच बसवली तर खताची वाहतूक नाही, विस्कटायची मजुरी नाही आणि मूत्रही जागेवर जिरतं. म्हणून तर आपले वाडवडील मेंढपाळाला धान्य देऊन, आर्जव करून वाडा बसवून घेत. आज रोकड देतात. रासायनिक खताची गोणी महाग झाली आणि जमिनीत सेंद्रिय कर्ब उरला नाही, अशी ओरड ज्या काळात आहे त्या काळात ही सोय आपल्या बांधावर चालत येते.

दुसरं, आणि कपाशीवाल्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं, गुलाबी बोंडअळी. २०१७-१८ च्या हंगामात तिने काय केलं ते विसरणं शक्य नाही. ती अळी हंगामानंतर शिल्लक राहिलेल्या किडक्या, अर्धवट बोंडांत दबा धरून बसते. म्हणून कृषी शास्त्रज्ञ सांगतात, फरदड घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत कपाशी संपवा, आणि शेवटच्या वेचणीनंतर वावरात शेळ्या-मेंढ्या सोडा. त्या पाला खातात, हिरवी आणि किडकी बोंडं फस्त करतात. म्हणजे औषधाच्या फवारणीने जे साधत नाही ते काम मेंढपाळाचा वाडा फुकटात करून जातो. अट एकच. नुकतंच औषध मारलेलं असेल तर तसं त्याला आधी सांगावं. त्याची जनावरं विषाने मरू नयेत.

मग सांगा, हा माणूस आपल्या वावरात उपरा आहे की कामाचा?

तक्रारीही खऱ्या आहेत

दुसरी बाजू न सांगता पुढे जाणं बरं नाही. उभ्या हरभऱ्यात मेंढरं घुसली, मक्याचं नुकसान झालं, यावरून दरसाल भांडणं होतात. एका बांधावरच्या मालकाने बोलावलेलं असतं आणि शेजारच्याला खबर नसते. रोपवाटिकेत, नव्या लागवडीत कळप शिरला की वन खातं गुन्हा नोंदवतं, आणि रोपं वाचली पाहिजेत हेही खरंच आहे. कळपातून रोग येईल, अशी गावातल्या शेळीवाल्यांना धास्ती असते. रात्री विहिरीवरची केबल गेली की पहिला संशय पालावर जातो.

पण या तक्रारींचं मूळ पाहिलं तर एकच दिसतं. वाडा कुठे उतरणार, कोणाच्या बोलावण्यावरून, किती दिवस, पाणी कुठे पाजणार, हे आधी ठरलेलं नसतं. जिथे बोलणं झालेलं असतं तिथे भांडण होत नाही. जो मेंढपाळ दरसाल त्याच शिवारात येतो, ज्याला गाव आज्याच्या नावाने ओळखतं, त्याच्यावर कोणी केबलचा आळ घेत नाही. ओळख नसली की संशय येतो, आणि संशयाला औषध आपल्याच हातात आहे.

राईनपाडा विसरता येणार नाही

संशय कुठवर जातो हे धुळे जिल्ह्याने पाहिलं आहे. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी पाच माणसं तिथे आली होती. सोलापूरकडून इकडे आलेली ही माणसं पिंपळनेरला पालं ठोकून राहत होती. जमावाने त्यांना धरलं आणि मारून टाकलं. कुठे? ग्रामपंचायतीच्या खोलीत. पुढे खटला चालला आणि २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप ठोठावली.

ज्या खोलीत जन्म-मृत्यूची नोंद होते, जिथे घरपट्टी भरतात, त्याच खोलीत पाच जीव गेले. सरपंच, सदस्य, ग्रामसेवक या सगळ्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा. परका माणूस गावात आला तर त्याची विचारपूस करायची, त्याला जागा दाखवायची काही रीत आपल्या दप्तरात आहे का? अशी नोंद असती तर प्रत्येक वेळी जीव वाचलाच असता, असं म्हणता येत नाही. पिसाळलेला जमाव कागद वाचत नाही. पण जमाव जमण्याआधी, अफवा पहिल्या दोन-चार तोंडी असते तेव्हा, "थांबा रे, हे लोक आपल्याला माहीत आहेत, पालं अमुक जागी आहेत" असं म्हणणारा एक माणूस लागतो. तो माणूस गावाने तयार करायचा असतो.

इथे एक सावधगिरी हवी. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि कित्येक भटक्या जमातींना जन्मानेच चोर ठरवून हजेरी लावायला भाग पाडलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, मनातली हजेरी मात्र अजून चालूच आहे. तेव्हा नोंद ठेवायची ती पाहुण्याची म्हणून ठेवायची. पोलीस पाटलाने पालासमोर काठी आपटत जाऊन नावं लिहून घेणं आणि ग्रामपंचायतीने "या, बसा, किती माणसं, किती पोरं, दुखणंखुपणं काही?" असं विचारून लिहून घेणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कागदावर काय आहे

शासनाने काहीच केलं नाही असं नाही. भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. त्यात कुटुंबाला पाच गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचं घर असं ठरलेलं आहे. मंगोलियाचे सात गुंठे आणि आपले पाच गुंठे, कागदावर फारसा फरक नाही! पण त्यासाठी आधी जमीन मिळावी लागते, आणि गावात यांची वसाहत नको म्हणून जागेवरच घोडं अडतं. २०१७ साली राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आली. त्यात २० मेंढ्या आणि १ नर असा गट अनुदानावर देण्याची सोय झाली. मेंढरं द्यायची सोय झाली, पण मेंढरं घेऊन माणसाने पाल कुठे टाकायचं, याचा विचार राहूनच गेला.

२००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३ (१) (ड) मध्ये चराईचा हक्क आणि भटक्या पशुपालकांचा हंगामी वापराचा हक्क लिहिलेला आहे. अनुसूचित जमातीत नसलेल्यांना मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास व जंगलावरचं अवलंबन दाखवावं लागतं. ज्याचं घरच चालतं-फिरतं आहे त्याने ७५ वर्षांचा पुरावा कुठून आणायचा? तो पुरावा गावच देऊ शकतं. 'यांचे वाडवडील आमच्या शिवारात दरसाल येत आले' हे वृद्धांचं म्हणणं ग्रामसभेत नोंदवून घेता येतं. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या जंगलालगतच्या तालुक्यांतल्या ग्रामसभांनी हे मनावर घ्यावं.

गायरानाचा प्रश्न नाजूक आहे. सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितलं, आणि ते योग्यच होतं. गायरानं गावगुंडांनी आणि पुढाऱ्यांनी गिळली म्हणून तो निकाल आला. पण गायरान ठेवलं होतं कशासाठी? जनावरं चरायला. आठ-पंधरा दिवस कळप घेऊन थांबणारा आणि निघून जाणारा माणूस तिथे घर बांधून कायमचा बसणाऱ्या अतिक्रमणदाराच्या रांगेत कसा बसतो? मतपेटीच्या जोरावर पक्की घरं बांधणाऱ्याला कोणी हात लावत नाही आणि काठी-कापडाचं पाल तेवढं उचलायला लावतात, हे बरोबर नाही.

गावाने करायच्या गोष्टी

फार खर्चाचं काही सांगत नाही.

पहिली गोष्ट ठरावाची. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घ्यावा, कारण वाडे दिवाळीनंतर हलतात. गावाच्या शिवारात एक जागा पालांसाठी नक्की करावी. ती उंचवट्यावर असावी, नाल्याच्या पात्रात नको आणि विजेच्या तारांखाली नको. एकट्या झाडाखालीही नको, वीज पडते. जवळ जनावरांना पाण्याचा हौद, माणसांना पिण्याच्या पाण्याची तोटी, एक दिवा आणि आडोशाचा संडास असावा. बाईमाणसाची अब्रू सगळीकडे सारखीच असते. जागा गायरानात असेल तर तलाठ्याला आणि तहसीलला विचारून, तात्पुरत्या मुक्कामाची म्हणूनच ठेवावी. वाडा गेला की ती मोकळी असल्याची खात्री करावी.

दुसरी गोष्ट नोंदीची. एक साधं रजिस्टर ठेवावं. कुटुंबप्रमुखाचं नाव, मूळ गाव, माणसं किती, जनावरं किती, कोणाच्या वावरात बसणार, किती दिवस. त्याची एक प्रत पोलीस पाटलाकडे आणि एक पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावी. म्हणजे रोगाची साथ असेल तर लसीकरण जागेवर होईल आणि गावातल्या शेळ्यांनाही धोका राहणार नाही.

तिसरी गोष्ट पोरांची. पालातल्या पोराला मास्तरांनी स्वतः जाऊन शाळेत आणावं. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे, ते दाखवलं की दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं. पंधरा दिवस बसलं तर पंधरा दिवस. रेशनचंही तसंच, आधार जोडलेलं कार्ड आता दुसऱ्या गावच्या दुकानावर चालतं. दुकानदाराने 'तुमच्या गावाला जा' म्हणून परत पाठवू नये, एवढं सरपंचाने पाहावं.

चौथी गोष्ट शेतकऱ्याची. वाडा बसवून घ्यायचा तर शेजारच्या दोन्ही बांधांना आधी कळवावं. मोबदला आधी बोलून घ्यावा आणि उतरल्यावर त्यात घासाघीस करू नये. पालासाठी वावरातली चांगली, कोरडी जागा द्यावी. पऱ्हाट्यांच्या गंजीजवळ पाल नको, चुलीची ठिणगी उडते. फवारणीच्या औषधांच्या खोलीजवळही नको. भोवती वीतभर खोल चारी काढली की अवकाळीचं पाणी आत येत नाही. पावसाचा वारा आपल्याकडे बहुतेक पश्चिमेचा, म्हणून तोंड पूर्वेला. ताडपत्रीखाली तुराट्यांचा कूड किंवा जुन्या शेडनेटचा एक थर दिला तर दुपारची झळ अर्धी होते. हे सगळं मेंढपाळणीला आपल्यापेक्षा जास्त कळतं, पण सामान आपल्याकडे पडून असतं. ठिबकच्या जुन्या नळ्या, बांबू, फाटका कागद, वापरात नसलेलं काही मागितलं तर द्यावं.

पाचवी गोष्ट सालदाराची. त्याचं खोपटं तर बारा महिने आपल्याच जमिनीवर आहे. आखाजीला साल ठरवताना पैशाबरोबर छपराचीही बोली व्हावी. पक्कं छप्पर, एक दिवा, दाराला कडी. मोटारीच्या पेटीला कुलूप असतं आणि माणसाच्या दाराला कडी नसते, हे आपल्याला शोभत नाही.

आता मळ्यात गोल तंबू ठोकायच्या पोरांच्या बेताविषयी. जरूर ठोका. पण मंगोलियाच्या मेंढपाळाचं घर पैसे मोजून दाखवायचं आणि साक्रीच्या मेंढपाळाला बांधावरून उठवायचं, हे पाहुण्याच्याही ध्यानात येईल. त्यापेक्षा ठेलारी बाईलाच बोलवा आणि पाल कसं उभं करतात ते तिच्याकडून शिका. तिला त्याची मजुरी द्या. घोंगडी तिच्याकडून विकत घ्या. लोकरीला बाजार नाही म्हणतो ना आपण? पत्र्याखाली लोकरीचा थर लावून खोली गार राहते का, हे एखाद्या जाणत्याने करून पाहावं. तुमच्या तंबूलाही त्याने शोभा येईल आणि तिच्या पालाची चूलही पेटेल.

शेवटी प्रश्न पैशाचा नाही, मानाचा आहे. सिमेंटचं घर असलेला गावकरी आणि कापडाचं घर असलेला उपरा, ही समजूत आपण मनातून काढली पाहिजे. 'कथा जाई राह्यनात, भाऊ?' असं वाटसरूला विचारून पाण्याचा तांब्या पुढे करणारा हा मुलूख आहे. तोच तांब्या यंदा दिवाळीनंतर पालापर्यंत न्यावा, आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभेत हात वर करून म्हणावं, 'सरपंचसाहेब, पालांच्या जागेचा विषय घ्या.'